त्यांचं-आमचं सुतक

२२ मार्च, रवि.

कर्फ्यू. माझी चक्की बंद. रविवार म्हणजे दळणाचा दिवस, पण सांगायचं कोणाला. संध्याकाळी अख्खं गाव थाळ्या बडवायला बाहेर. मंदानं परात घेतली आणि आमच्या भिंतीकडं तोंड करून बडवली. ती डॉक्टरांसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. मी पण पितळी आणली आतून.

सख्खी जाऊ असून वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं नाय. घर मधोमध भिंतीनं तोडलं, ओटी तेवढी एक राहिली. तिला मला काय ऐकवायचं असलं की म्हशीला सांगते, मोठ्यानं. मी आमच्या ह्यांना सांगते, त्याहून मोठ्यानं. हे आणि म्हैस, दोघं उत्तर देत नाय.

२५ मार्च, बुध. पाडवा.

गुढी उभारली. साखरेची गाठी मिळाली नाय, गुळाचा खडा बांधला.

काल टीव्हीवर सगळं बंद म्हणून सांगितलं, तर आज उजाडल्यापासून गाव चक्कीवर. लॉकडाऊन म्हणजे काय ते नीट कोणाला कळलं नाय, पण पीठ संपता कामा नये एवढं कळलं. खडूनं चौकोन आखून दिले. डबे चौकोनात, बाया एकमेकींच्या अंगावर.

सुलभा, सरपंचाची बायको, मोठ्यानं बोलली, "काशीच्या मागून माझं नको टाकू गो. तिची पोर कल्याणवरून आली." आधीच्याचं चिमूटभर पीठ दगडात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं, हे काय आज कळलं? उपवासाचं दळताना मी दगड झाडून देते, तसं आता प्रत्येकीला पाहिजे. काशी रडकुंडीला आली. म्हटलं, पटत असंल तर थांबा, नायतर घरातलं जातं काढा बाहेर. रांगेतच थांबल्या. जातं ओढायची ताकद कुठं आहे कोणात.

खांदा भरून आलाय. बाम लावून झोपते.

२७ मार्च, शुक्र.

पोरांनी रस्ता अडवला. करवंदीचे काटे, वर आडवा बांबू. लावणीला बोलवा तर एकेकाची कंबर दुखते, आता पहाटेपासून काठ्या घेऊन उभे. मुरबाडवरून भाजीचा टेम्पो आला तो परत घालवला. आता खा काटे.

सरपंच दारोदार सांगून गेला. मुंबईवरून कोण आलं आणि लपवलं, तर त्या घराशी गावाचा संबंध बंद. वाळीत हा शब्द नाय काढला त्यानं. आता तो काढायचा नसतो.

२८ मार्च, शनि.

नितीन आला.

मंदाचा मुलगा. मुंबईला हॉटेलात पोळ्या करतो. पहाटे शेण काढायला मागं गेले तर तिच्या पडवीत त्याचे बूट. धुळीनं पांढरे झालेले, एकाचा तळ सुटलेला. रानातनं चालत आला असणार. काट्यांवरच्या शूरवीरांना पत्ता नाय. मंदा म्हशीला सांगत होती, "आमच्याकडं कोण नाय आलं गो चांदे." म्हशीनं विचारलं नव्हतं.

दुपारी सुलभा पीठ न्यायला आली तेव्हा तिच्या कानावर घातलं. चुगली नाय केली. तिनं विचारलं, कोण आलंबिलं का तुमच्याकडं, म्हणून सांगितलं. नसतं विचारलं तरी सांगितलं असतं. उद्या उघड पडलं असतं तर हेच लोक म्हणाले असते, एका ओटीवर राहून हिला कळलं नाय? माझ्याकडं अख्ख्या गावाचं दळण येतं. शेत ह्यांचं, घर सासऱ्याचं, चक्की तेवढी माझी. ती मी कोणाच्या पोरासाठी घालवू?

ह्यांना सांगितलं नाय.

२९ मार्च, रवि.

सरपंच आणि पाच-सहा जण आले, तोंडाला रुमाल बांधून. नितीनला शाळेत ठेवला. पोरानं चटई उचलली आणि निघाला. जाताना ह्यांच्या पाया पडायला वाकला तर पोरं ओरडली, लांब, लांब. हे तसेच उभे. हात वर उचललेला, आशीर्वादाला, तो खाली घ्यायचा राहिला.

मंदा ओटीवर बसून, "ज्यानं सांगितलं त्याचं तळपट होईल." म्हशीला नाय, सरळ आमच्या दाराकडं बघून.

मी आतून कडी लावली आणि तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच होते.

३१ मार्च, मंगळ.

काल एक डबा नाय. आज पण नाय.

काशी रस्त्यानं गेली, पदर नाकाला, काखेत डबा. हाक मारली तर, "नंतर येते गो." तिच्यासाठी मी सुलभाशी भांडले त्याला आठवडा नाय झाला. डबा घेऊन कुठं गेली ते पण कळलं. सरपंचाच्या भावाकडं घरघंटी आहे, घरच्यापुरती घेतलेली. आता तो गावाचं दळतोय.

त्या घराशी संबंध बंद. ते घर म्हणजे आम्ही पण. मला वाटलं होतं, मध्ये भिंत आहे.

२ एप्रिल, गुरु. रामनवमी.

सरपंचाकडं गेले. अंगणातच उभं केलं. गावातला धाकटा दीर, लक्ष्मण म्हणून ह्याचं नाक मी पुसलंय हा लहान असताना, आज हा खुर्चीत बसून मला हातानं दाखवतो, तिथंच थांबा वहिनी.

म्हटलं, आमची चूल वेगळी, मीटर वेगळा, रेशनकार्ड वेगळं. नितीन आल्याचं तुला कळवलं कोणी ते पण विसरलास?

"वहिनी, कार्ड सरकारचं. गावाला काय त्याचं? भाऊ गेला तेव्हा सुतक पाळलंत ना तुमी?"

पाळलं. दीर वारला तेव्हा मंदाशी बोलत नव्हते तरी सुतक फिटेपर्यंत चक्की बंद ठेवली. नितीन तेव्हा लहान, म्हणून ह्यांनी डोकं भादरून घेतलं, अग्नी दिला. त्यात विचारायचं काय होतं? सुतक कधी वाटणीत येत नाय.

मग त्यानं मनातलं काढलं. हनुमान जयंतीला सकाळी देवळात यायचं, मारुतीसमोर नारळ ठेवून सांगायचं, त्यांचं-आमचं सुतक नाय. ओटीवर पण मधोमध कुडाची भिंत घालायची. मग गाव आम्हाला वेगळं मानंल, चक्की सुरू.

हे सगळं त्याला एका दिवसात नाय सुचलेलं. घरघंटीवाला आत बसून ऐकत होता.

४ एप्रिल, शनि.

ह्यांना सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं. ताट सारलं.

"जितं पोर आहे ते. त्याचं सुतक नाय म्हणू?"

तुमाला काय, म्हटलं, तुमचं शेत कोणी अडवलं नाय. माझी चक्की गेली की ती गेली. एकदा पायवाट दुसरीकडं पडली की गवत उगवतं दारात. भाकरीला चिरा पडतात घरघंटीच्या पिठानं, तरी खातील, सवय करून घेतील. आणि शब्दच आहे. शब्दानं कोण मरत नाय.

"मंग तू जा." एवढंच बोलले.

५ एप्रिल, रवि.

आज पणत्या लावायच्या होत्या. सगळीकडं लागल्या. आमच्या ओटीवर दोन्हीकडं अंधार. तेवढं एकमत.

७ एप्रिल, मंगळ.

मंदा रोज दुपारी शाळेच्या कुंपणाशी जेवण ठेवून येते. परत येईपर्यंत काठीवाला एक पोरगा तिच्या मागं मागं. आज हे पण तिकडं दिसले, लांब, चिंचेखाली. काय बोलत होते पोराशी माहीत नाय. घरी आले तर म्हटलं, बघितलं कोणी म्हणजे? तर म्हणे, "बघू देत."

कूड मीच घातला. कारवी होती मागं, शेणानं सारवून काढला. मंदा दारात उभी राहून बघत होती. कशाला विचारलं पण नाय. कळलं असणार. गावात कळायचं राहतं काय?

८ एप्रिल, बुध. हनुमान जयंती.

एकटी गेले. सरपंच बोलला, चक्की वहिनींची आहे, वहिनी बोलल्या तरी चालंल. देऊळ बंद, पायरीवर उभं केलं. पाच जण, पाच रुमाल. नारळ ठेवला, बोलले. त्यांचं-आमचं सुतक नाय.

"मोठ्यानं."

परत बोलले.

लाज वाटली. रागही आला, सरपंचाचा, घरघंटीवाल्याचा, मंदाचा, ह्यांचा. हे आले असते तर मला बोलावं लागलं नसतं, असं घरी येईपर्यंत म्हणत आले. घरी आले तर हे जेवून शेतावर गेलेले. माझं ताट झाकून ठेवलं होतं. त्यानंच जास्त संताप झाला.

९ एप्रिल, गुरु.

डबे आले. काशी सगळ्यांच्या आधी. काय झालंच नाय असं तोंड. घरघंटीचं पीठ कसं जळकं लागतं ते सांगत बसली. मी पण हसले.

हे बोलत नाय. आधीच कमी बोलतात, त्यामुळं मला कळायला दुपार झाली.

११ एप्रिल, शनि.

नितीनला ताप. शाळेच्या खिडकीतनं कोणीतरी बघितलं, थरथरत होता. दुपारी अँब्युलन्स आली, माणसं डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. काटे बाजूला करायला आता सगळे पुढं. लोक छपरांवर चढून बघत होते. मी चक्कीच्या दारातनं बघितलं.

मंदा गाडीमागं धावली. काट्यांपाशी पोरांनी काठ्या आडव्या धरल्या. हे तिच्या मागं गेले. काठीवाल्यांना काय बोलले ते ऐकू आलं नाय पण ते बाजूला झाले. गाडीच्या माणसाशी बोलले, मग मंदाला घेऊन आले. हाताला धरून. दीर-भावजय, भर रस्त्यानं.

शहापूरला नेला म्हणतात. तिथून पुढं ठाण्याला नेतील असं पण म्हणतात.

सुलभा पीठ नेताना, "बरं झालं वेळेवर सुटलीस." डबा तिच्या पायावर टाकावा वाटला. दिला हातात, नीट.

१२ एप्रिल, रवि.

मंदाकडून आवाज नाय. म्हैस पहाटेपासून ओरडते, धार काढलेली नाय. हे गेले पिळायला. मी नाय गेले. मारुतीसमोर बोलून आल्यावर म्हैस कुठली माझी?

मंदाचा फोन बंद. नितीनच रिचार्ज टाकायचा. म्हणजे तिकडून कोणी केला तर लागणार पण नाय. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा बारा बायका ओळीत, मी तांदूळ ओतत होते, आणि अर्धे बाहेर सांडले.

१३ एप्रिल, सोम.

काय कळलं नाय. चक्की जोरात. भूक लागत नाय.

१४ एप्रिल, मंगळ.

सकाळी लॉकडाऊन वाढवला टीव्हीवर, म्हणून परत गर्दी. दगडात सुलभाचे तांदूळ चालू. फोन वाजला, अनोळखी नंबर. आमचा फोन एकच, चक्कीतच असतो. घेतला. एक बाई, दवाखान्यातनं. चक्कीच्या आवाजात काय कळेना. काय म्हणालात, म्हटलं. पेशंट नितीनचे तुम्ही कोण? परत विचारलं तिनं, कोण लागता, नातेवाईक का? हाच नंबर लिहिलाय इथं.

कोणी लिहिला ते विचारायला नको. हे गाडीच्या माणसाशी तेच बोलत होते.

पट्टा बंद करायचं सुचलं नाय. त्यामुळं ओरडून सांगावं लागलं. चुलती. सख्खी चुलती लागते. बोला.

मागं वळले तर सगळ्या चौकोनांत उभ्या. आज पहिल्यांदा आपापल्या चौकोनात.

बाई म्हणाली, रिपोर्ट यायचाय. ताप उतरत नाय, श्वासाला त्रास आहे. घरचं कोणीतरी फोनजवळ राहा, केव्हाही लागेल. आई कुठं आहे विचारत होता, म्हणाली. मी हो हो करत राहिले.

सुलभा बोलली, "माझे तांदूळ काढ." म्हटलं, दगडात गेलेले निघत नाय गो. पीठ होऊ दे, मग ने नायतर टाक. तिनं डबा तिथंच सोडला आणि गेली. मागून काशी गेली, डबा घेऊन. मग एकेक. दोन बाया राहिल्या, त्या का राहिल्या मला माहीत नाय, विचारलं नाय. त्यांचं दळून दिलं. मग चक्की बंद केली.

आता सरपंच येईल. येऊ दे. त्याला काय सांगायचं ते मला पाठ आहे, सख्खी चुलती लागते.

हे शेतावरून अजून आले नाय. फोन चार्जिंगला लावलाय, तो घेऊनच जाते. मंदाला तिच्या पोराचं मलाच सांगावं लागणार. इतक्या वर्षांनी तिच्या दारात उभं राहायचं, आणि पहिला शब्द काय काढू तेवढाच सुचत नाय.