मुकादमाची साखर

प्रिय ताई,

मागच्या फोनवर तू विचारलंस, मुकादम कसा आहे, आणि मी "बरा आहे" म्हणून विषय बदलला. खोटं नव्हतं ते. पण त्याचं सांगायला घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि फोनवर मला ते जमत नाही. आज दुकान बंद आहे. बोका खिडकीत पसरलाय. आईने त्याचं नाव मुकादम ठेवलं ते उगीच नाही. मी लिहितेय तर डोळे अर्धे मिटून देखरेख चालू आहे.

तीन महिन्यांपूर्वी तो पाणी ढोसायला लागला. वाटी भरावी आणि तासाभरात कोरडी. खायचा दुप्पट, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, मधुमेह आहे, रोज दोन वेळा इन्शुलिन द्यावं लागेल. मला हसूच आलं. म्हटलं, आमच्या आईचा बोका तो, दुसरं काय होणार! त्या हसल्या नाहीत. घरी साखर मोजायला शिका, म्हणाल्या.

यंत्र घरात होतंच. आईचं, निळ्या पाकिटातलं. फक्त पट्ट्या नवीन आणल्या. त्याच्या कानाला कोमट फडकं धरायचं, कडेची बारीक शीर बघून तिच्याजवळ टोचायचं, मोहरीएवढा थेंब आला की पट्टी लावायची. पहिल्या आठवड्यात माझ्या हातांवर इतके ओरखडे होते, की चष्म्याची काडी बसवून घेता घेता एका गिऱ्हाइकाने हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना, बाई?" आता मुकादमाला कळलंय, टोचलं की खाऊ मिळतो. कान पुढे करून बसतो, जणू माझ्यावर उपकारच.

पण आकडे जुळेनात. घरी निघताना एकशेआठ, आणि पंधरा मिनिटांनी दवाखान्यात एकशेअठ्ठावन्न. मी औषधाच्या दुकानातून माणसांचंच दुसरं, नवं यंत्र आणलं. ते म्हणे एकशेपंधरा. मग डॉक्टरीणबाईंनी खास प्राण्यांचं यंत्र वापरायला दिलं. त्याला आधी सांगावं लागतं, मांजर आहे की कुत्रा. ते दवाखान्याच्या आकड्याशी जवळजवळ जुळलं. तू मला ओळखतेस. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारी मी, पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर मला चैन पडत नाही. बारा दिवस एकाच कानाचं रक्त तिन्ही यंत्रांना दिलं आणि सगळं कागदावर उतरवलं.

तो कागद पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणसाच्या रक्तात साखर जशी वाटली जाते, तशी मांजराच्या रक्तात नाही वाटली जात. माणसांचं यंत्र माणसाचं गणित धरतं, म्हणून याची साखर कमी दाखवतं. यंत्र बिघडलेलं नाही, तुम्ही त्याला भलत्याच प्राण्याचं विचारताय." मी निघाले तशी पुन्हा हाक मारून म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. यंत्र कुठलंही असो, आकडा फार खाली दिसला आणि तो मलूल वाटला, तर आधी हिरड्यांना साखरेचं पाणी लावायचं. शंका नंतर घ्यायची. उलटं करू नका." मी मान हलवली. घरी येऊन मुकादमाला पिशवीतून सोडलं, आणि मग कितीतरी वेळ चपला न काढता तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी प्रयोगशाळेत गेले. दंडातलं रक्त दिलं आणि तिथेच बाकावर बसून आईच्या यंत्रावर स्वतःचं बोट टोचलं. त्यांचा आकडा पंच्याण्णव, आईच्या यंत्राचा ब्याण्णव. आणखी दोनदा जाऊन आले. आईचं यंत्र चोख आहे, ताई.

आई गेली त्या दिवशी सकाळी याच यंत्राने एक्केचाळीस दाखवले होते. तिने इन्शुलिन घेतलं होतं आणि खायचं राहिलं होतं. कपाळावर घाम होता. मी आकडा वाचून दाखवला तर म्हणाली, "काल पण असंच काहीतरी दाखवत होतं, खुळं झालंय ते यंत्र. तू जा, तुला उशीर होतोय, मी दूध घेते." किल्ली माझ्याकडे होती, दुकान मला उघडायचं होतं. बिघडलंच असेल, असं मीही म्हटलं आणि गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा ती खुर्चीत होती आणि दुधाचा कप समोर काठोकाठ भरलेला. सायही धरली होती. कोणाला बोलवायच्या आधी मी तो कप धुऊन ठेवला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, दूध घेतलं होतं तिने. त्यांनी दाखल्यावर कारण हृदय लिहिलं.

गुरुवारी भावोजींचा फोन आला होता, तुला न सांगता. तू नीट झोपत नाहीस म्हणाले. आई जायच्या आदल्या संध्याकाळी तू फोनवर तिला हट्टी म्हणालीस, तिच्यावर ओरडलीस, आणि त्याच धसक्याने ती गेली, असं तू अजून धरून बसली आहेस. मला हे अकरा महिने माहीत होतं. मी तुला तसं समजू दिलं. तुझा फोन ठेवल्यावर आई हसत होती, ताई. म्हणाली, "थोरली चिडली की अगदी तुमच्या बाबांसारखी बोलते." मग पोटभर जेवली आणि शांत झोपली. हे तुला सांगितलं असतं, तर पुढची सकाळही सांगावी लागली असती. पत्र वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. तिच्या जाण्याशी तुझ्या ओरडण्याचा काही संबंध नव्हता, एवढंच तुझ्या हाती पोचायला हवं. मला अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा कदाचित हे लिहिता येणार नाही, म्हणून आजच टपालपेटीत टाकून येते.

तुझीच,
धाकटी