अकरा छेद छत्तीस

प्रिय हेमा,

तुझी वही तपासून झाली. आकृतीत काटकोनाची खूण पुन्हा विसरलीस, पण सिद्धतेची एकही पायरी गाळली नाहीस. एक्केचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारी तू, आणि शिकवणारी मी सत्तरीची. कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीला तेवढीच करमणूक. शेजारच्या आबेदाने विचारलं, अभ्यास नक्की कोणाचा चाललाय? म्हटलं, माझाच.

मागच्या गुरुवारी तू सात दिवस बसची वाट पाहिलेल्या मिनिटांची सरासरी काढलीस. सोळा. मग म्हणालीस, एका दिवशी चाळीस मिनिटं गेली, तो दिवस वगळला तर बाराच. एका दिवसाने अख्खा आठवडा बदनाम. तू हसलीस. मला हसू आलं नाही. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतही तसा एक दिवस आहे.

तू माझ्या वर्गात दहावीला होतीस तेव्हा, पूर्वपरीक्षेआधी तुझे वडील मच्छिंद्रतात्या शाळेत येऊन म्हणाले होते, "बाई, पास झाली तर बोर्डाला बसवितो, न्हाई तर सुपारी फुटली समजा." तू गणितात दोन गुणांनी गेलीस. तीन गुणांचं एक उदाहरण होतं: दोन फासे टाकले, निदान एकावर सहा येण्याची संभाव्यता किती? मी वर्गात शिकवलं होतं, पहिल्या फाशाचे सहा, दुसऱ्याचे सहा, म्हणून बारा छेद छत्तीस. सगळ्या वर्गाने बारा लिहिलं. तू छत्तीस घरांचा तक्ता आखून अकरा लिहिलंस. मी लाल रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तू पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आलीस आणि तक्त्यातल्या शेवटच्या घरावर बोट ठेवलंस. दोन्ही फाशांवर सहा. ते घर मी दोनदा मोजलं होतं. मला तिथल्या तिथे कळलं, हेमा. पण समोर दिगंबर सर बसलेले. बायकांचं गणित भाजीच्या पिशवीपुरतं, असं मला येता-जाता ऐकवणारे. त्यांच्यादेखत 'चुकले' म्हणायला जीभ रेटेना. जास्त शहाणपणा नको, शिकवलंय तेच लिहायचं, असं तुलाच सुनावलं. तू पेपरची घडी घातलीस आणि 'बरं बाई' म्हणून गेलीस.

पंधरा दिवसांत सुपारी फुटली. पेढे द्यायला तूच आलीस. मी ते वर्गात वाटून टाकले, एकही खाल्ला नाही. तेवढ्याने काय होतं म्हणा! तात्यांना जाऊन सांगता आलं असतं, तुमचं हडपसर काही विलायतेत नव्हतं. उद्या जाईन म्हणत सव्वीस वर्षं काढली. लाज वाटते गं.

आणि मागच्या गुरुवारीच निघताना तू म्हणालीस, बाई, माझं डोकंच तेव्हा गणिताचं नव्हतं.

उद्या गुरुवार. पुढचं प्रकरण संभाव्यतेचं, तेच फासे. काही घडलंच नाही असा चेहरा करून ते तुला शिकवणं मला जमायचं नाही. म्हणून हे पत्र. आबेदा आज तुमच्या हडपसरला लेकीकडे निघालीय, तिच्याच हाती वहीत घालून पाठवतेय. तुझं उत्तर बरोबर होतं. डोकंही गणिताचंच होतं. शेवटच्या पानावर तुझे तीन गुण दिलेत. आता त्यांचा उपयोग नाही, ठाऊक आहे मला. नाही आलीस तर दुसरं कुणी शिकवणारं बघ, पण परीक्षा सोडू नकोस. आणि आलीस, तर तो तक्ता फळ्यावर तू काढ. मी खाली बसून उतरवून घेईन.

तुझीच अपराधी,
नसीम शेखबाई