लिंबाखालचा दगड

कस्तुराचे बाबा,

गोठ्याच्या दाराला लावलेला दगड मी आज ओळखला. सोनगीरच्या बाजारात लिंबाखाली अकरा वर्षं त्यानं माझी जागा धरून ठेवली होती. ती जागा तुम्ही मला न विचारता दलालाला दिली. त्याला म्हणे सावली हवी! वर माझा दगड उचलून घरी आणलात.

बाया माझ्याच वांग्यांसाठी लांबून येतात, "वांगं केसरबाईनंच भारी शे" म्हणतात. त्यांना तो दलाल काय तोंड दाखवणार?

दगड घेऊन बाजारात चालले आहे. तिथंच बसणार, बघू कोण उठवतो. वांगी सगळी नेली, भरीत मिळणार नाही. भाकरी टोपल्यात आहे, मिरची तुम्हीच कुटा.

गोठ्याचं दार आता आपटत राहील. दगडाच्या जागी तुम्ही बसा.

केसर