कोटी आकड्यांची मुदत

कोल्हापूर,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,
शरणार्थ.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, तरी जिना चढणं काही ती सोडत नाही. फोन लावला की स्पीकर चालू करून शेजारीच बसते, म्हणून हे पत्र.

माझी संख्या तुला माहीत आहेच. दोनाला दोनानं गुणत सुटायचं आणि शेवटी एक वजा करायचा. लिहायला घेतली तर कोटीच्या वर आकडे होतील. ती मूळ आहे, की तिला कशानं तरी भाग जातो, हे कॉम्प्युटर तपासतो. एक पायरी झाल्याशिवाय दुसरी घेता येत नाही, मधली गाळता येत नाही. आमच्या जुन्या डबड्यावर दोन-तीन वर्षं सहज गेली असती.

म्हणून तर ती निवडली. दिवाळीत अप्पा आणखी एक स्थळ घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, हे गणित संपू द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं लग्नाला उभी राहते. अप्पा व्यापारी माणूस, शब्दाला पक्के. ठरलं म्हणाले. मी स्वतःवरच खूश होते.

आणि संक्रांतीला त्यांनी मला नवा कॉम्प्युटर आणला. दुकानात पेढे वाटले. "पोरीचं गणित अडलंतं," येईल त्याला सांगत होते. मशीन शशिधर दाजींनीच पसंत केलं, तेव्हा तुला ठाऊक असणारच. मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावलेय. इतक्या मायेनं कुणी कुणाला कोंडलं नसेल.

रोज दुकानातून आले की अप्पा त्या डब्यावर हात ठेवतात, ताप बघावा तसा. अजून गरम आहे म्हणतात आणि जेवायला बसतात.

अक्का, गणित मागच्या आठवड्यातच संपलं. संख्या मूळ नाही. डबा गरम राहावा म्हणून मी लगेच दुसरी लावली. अप्पांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. आता रोज बोलते.

ही तपासणी भाग जातो एवढंच छातीठोक सांगते. कशानं जातो ते सांगत नाही. गणितात तेवढं पुरतं. आपल्या घरात पुरत नाही. पोरात खोट काय, अप्पा विचारतात. काही नाही. दुसरं कुणी मनात आहे का? तेही नाही. मला लग्न करायचं नाही, एवढं पक्कं आहे. का, ते माझं मलाही सापडलेलं नाही.

काल जेवताना म्हणाले, "जावईबापू म्हणत्यात, एवढ्यात संपायला पायजे. रविवारी निपाणीचं पावणं बोलवलंय. शब्द दिलायस की."

मी भाकरी मोडत राहिले.

शनिवारी ये. अप्पांना सगळं सांगायचं ठरवलंय, पण एकटीनं तोंड उघडणार नाही. तू कारण विचारू नकोस. नुसती माझ्या बाजूला बस.

खाली गाडी थांबली. अप्पा आले. डबा गरम आहे.

तुझीच,
सौंदर्या