साडूचं पिस्तूल, माझा डबा

२ मार्च, रविवार

नाही, डायरी, मी जळतोय असं म्हणू नकोस. आधी ऐकून घे. जळत असतो तर काल गाडीतच बोललो असतो. पारोळ्यापासून जळगावपर्यंत एक शब्द काढला नाही. याला संयम म्हणतात.

काल मृणालीचा साखरपुडा झाला, धुळ्याला. मृणाली म्हणजे सगळ्यात धाकटी मेव्हणी. येताना आम्ही प्रशीलच्या गाडीत. प्रशील म्हणजे साडू, मधल्या सुलक्षणाचा नवरा. सावद्याला केळीचा व्यापार. कॅश घेऊन फिरतो म्हणून पिस्तुलाचं लायसन काढलंय. पारोळ्याच्या पुढे नाकाबंदी. गाडी बाजूला. या माणसाने काय करावं? काच खाली केली, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि म्हणाला, साहेब, माझ्याकडे लायसनचं हत्यार आहे, उजव्या कमरेला, कागद समोरच्या कप्प्यात आहेत, काढू का?

साहेब सावध झाले. आधार कार्ड बघितलं. लायसन बघितलं. फोटो आणि तोंड जुळवलं, पिस्तुलाचा नंबर जुळवला. मग एकदम हसले. म्हणे, असं आधीच सांगणारा माणूस भेटत नाही हो. चहा घेणार का सर?

सर!

मीपण माझं आधार कार्ड काढून हात लांब केला होता. कोणी घेतलंच नाही. साहेब म्हणाले, हे कोण? प्रशील म्हणाला, माझे साडू. संपला विषय.

मागून स्नेहल (माझी बायको. माझी!) म्हणते, किती शांत बोलता हो प्रशीलराव.

मी पण शांतच होतो. कोणी बघितलं?

३ मार्च

पंचशीलातलं पहिलं शील काय आहे? प्राणिहिंसेपासून दूर राहणं. आणि हा कमरेला पिस्तूल लावून बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत. तात्त्विक मुद्दा आहे, पर्सनल काही नाही. स्नेहलला समजावला. ती म्हणे, त्यांनी आजपर्यंत चिमणी मारली नाही, तुम्ही रोज रात्री रॅकेटने डास मारता.

तात्त्विक चर्चा घरात करायची नाही. ठरलं.

९ मार्च, रविवार

नानांचा फोन. नाना म्हणजे सासरे, आधारनाना, धुळ्याचे रिटायर मास्तर. म्हणाले, समाधानराव, मृणालीचं सोनं जळगावहून प्रशीलरावच आणतील, त्यांच्याकडे हत्यार आहे, काळ वाईट आहे.

म्हणालो, अगदी बरोबर नाना. चांगलं केलं.

फोन ठेवला आणि डायरी काढली.

हे लिहून ठेवलंच पाहिजे. या घराचं सोनं जळगावलाच घडतं. सासूबाई, म्हणजे लीलाबाई, सोनाराकडे येतात, मग आमच्या घरी बसून दागिने स्टीलच्या डब्यात भरतात, डब्यावर पांढरं कापड चढवून दाभणाने शिवतात. तो डबा धुळ्याला कोण नेतो? मोठा जावई. मी. सुलक्षणाच्या लग्नात मी, मेव्हण्याच्या, स्वप्नीलच्या, लग्नात मी. म्हणजे स्वतः प्रशीलच्या बायकोचं सोनं मी नेलंय. एसटीत, मांडीवर. कंडक्टरने वर ठेवा म्हटलं तरी ठेवला नाही. एरंडोलला लोक खाली उतरून भजी खातात. मी उतरलो नाही. पिस्तूल नव्हतं. नुसती छाती.

आणि आता म्हणे हत्यार.

१० मार्च

ठरलं. लायसन काढायचं. प्रशीलशी काही संबंध नाही. माझी सुरक्षा म्हणून.

१४ मार्च

अर्ज भरला. "जिवास धोका कोणापासून" यावर अडलो. मी दालमिलमध्ये स्टोअर सांभाळतो. तिथे जिवाला धोका तुरीच्या पोत्यांच्या थप्पीचा. तो चालणार नाही. लिहिलं: "सामाजिक प्रतिष्ठेमुळे संभाव्य." शब्द छान जमले.

२३ मार्च

आरशासमोर प्रॅक्टिस. साहेब, माझ्याकडे लायसनचं हत्यार आहे. आवाज खालचा ठेवायचा. "उजव्या कमरेला" म्हणताना डोळे किंचित बारीक. स्नेहल दारातून म्हणे, कंबर दुखतेय का, मूव्ह लावू का?

२७ मार्च

पोलिसांसमोरच्या वागण्याचा सराव म्हणून मुद्दाम नाकाबंदी शोधत स्कूटीवर फिरलो. अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक. कोणी थांबवत नाही. चेहऱ्यावर विश्वास दिसत असावा. शेवटी एकाने थांबवलं. दोन्ही हात हँडलवर ठेवले, खालच्या आवाजात म्हणालो, साहेब, आधी ओळखपत्र दाखवतो.

ते म्हणाले, आधी हेल्मेट दाखवा.

११ एप्रिल

चौकशीला हवालदार आले. माझ्याआधी शेजारी मगनभाऊंना गाठलं. मी खिडकीत होतो. विचारलं, या समाधानला कोणाकडून धोका वगैरे? मगनभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणे, याले? याले कोन मारी भो? याना त कोन्ही वैरी बी नही शे. भला मानूस शे, भला.

भला माणूस! असा अपमान गल्लीत आजवर कोणी केला नव्हता.

हवालदार नंतर माझ्याकडे आले. पाणी प्यायले. म्हणे, एखादी धमकी, एखादं भांडण, काहीतरी सांगा राव, रिपोर्टमध्ये लिहू काय? म्हणालो, आठवून सांगतो.

१३ एप्रिल, रविवार

धमकी मिळवायची ठरवली. मगनभाऊंची गाडी आमच्या फाटकासमोर असते. सकाळी जाऊन वाट्टेल ते बोललो. आवाज चढवला. बाप-आजोबापर्यंत गेलो नाही, पण पार्किंगपर्यंत कडक गेलो. मनात म्हणत होतो, म्हण, म्हण, तुला बघून घेईन म्हण.

मगनभाऊंनी गाडी काढली. संध्याकाळी केळीची फणी घेऊन माफी मागायला आले. म्हणे, तुम्ही टेन्शनमध्ये दिसता, बीपी चेक करा.

केळी सावद्याची निघाली. सगळीकडे हाच.

२० एप्रिल

प्रशील जळगावला आला होता. जेवायला. पिस्तूल कपाटात ठेवू का म्हणे, घरात लेकरं आहेत. मग कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात. जेवताना म्हणाला, दादा, नसती ब्याद आहे ही. कुठे विसरता येत नाही, कुठे टेकता येत नाही, लग्नात नाचता येत नाही. निवडणूक लागली की जमा करा, संपली की आणा.

मुद्दाम बोलतो. ज्याच्याकडे असतं तोच ब्याद म्हणतो.

पण निवडणुकीचं कळलं ते बरं झालं. १८ मेला लग्न आहे. त्याआधी एखादी लागू दे. ग्रामपंचायतीची चालेल.

२ मे

निवडणूक नाही. लायसन नाही. रिपोर्ट म्हणे "धोका आढळला नाही". ठीक. माणसाला हत्यार लागत नाही, हत्याराचा वट लागतो.

बाजारातून बेल्टला लावायचं कव्हर आणलं. काळं, चामड्याचं, बटणाचं. रिकामं कव्हर बाळगणं हा गुन्हा नाही. उजव्या कमरेला लावलं. वरून बुशशर्ट. किंचित फुगलं पाहिजे, बस.

४ मे, रविवार

रिकामं कव्हर फुगत नाही. काय ठेवावं? दालमिलमधलं अर्धा किलोचं वजन ठेवून पाहिलं, पँट खाली येते. चष्म्याची डबी लांब पडते. शेवटी एक वस्तू मापात बसली. इथे नाव लिहीत नाही.

६ मे

घरात बोंबाबोंब. एसीचा रिमोट सापडत नाही. बाहेर चव्वेचाळीस. स्नेहलने गाद्या उलट्या केल्या, पोरांना झापलं. मीपण शोधायला मदत केली. सोफ्याखाली वाकताना कमरेला टोचलं.

स्वाभिमानाची किंमत असते. चार-आठ दिवस पंख्यावर काढता येतात.

११ मे

कव्हरखाली घामोळं आलंय. उजव्या बाजूला. पावडर टाकतो. मगनभाऊंनी आज गेटवर माझ्या कमरेकडे बघितलं आणि नमस्कार केला. रोजच करतात, पण आजचा वेगळा होता.

१६ मे, शुक्रवार

सासूबाई आल्या. सोनाराकडे गेल्या, आल्या, आतल्या खोलीत डबा भरला, शिवला. सगळं नेहमीसारखं. फक्त शेवटी डबा माझ्या हातात न देता प्रशीलच्या हातात दिला. मी बाजूलाच उभा होतो. हात आपोआप पुढे गेले होते. मग त्याच हातांनी त्यांना नमस्कार केला.

म्हणालो, मीपण गाडीत येतो. संरक्षण डबल. प्रशील म्हणाला, या की दादा, बरंच आहे. सासूबाईंनी गाडीत यायला नकार दिला. एसीने डोकं धरतं म्हणे. कांद्याची थैली घेऊन सकाळच्या एसटीने निघणार.

१७ मे, शनिवार. धुळे

सावकाश लिहितो. म्हणजे नीट लिहिलं जाईल.

सकाळी निघालो. प्रशील गाडी चालवतोय, मी पुढे, मागे स्नेहल आणि सुलक्षणा, त्यांच्यामध्ये डबा. पारोळ्याला तीच नाकाबंदी. तेच साहेब. प्रशीलचं तेच. हात स्टेअरिंगवर, लायसनचं हत्यार आहे, उजव्या कमरेला, काढू का. साहेबांनी ओळखलं. म्हणे, अरे सर तुम्ही, कार्ड आणि लायसन दाखवा फक्त, नियम आहे. आणि आता हात करून जा म्हणणार, एवढ्यात मी म्हणालो,

साहेब, माझ्याही उजव्या कमरेला आहे.

का म्हणालो? कोणीतरी विचारायला पाहिजे होतं. दोन महिने प्रॅक्टिस केली होती.

साहेबांचं हसू गेलं. दोन पोलीस माझ्या दाराशी. हात वर. लायसन? म्हणालो, प्रोसेसमध्ये होतं. उतरा. उतरलो. बुशशर्ट वर केला. एकाने जपून बटण उघडलं, दोन बोटांनी वस्तू बाहेर काढली आणि उन्हात धरली.

मागून स्नेहलचा आवाज. अहो, हा आपला एसीचा रिमोट!

घाबरलो नव्हतो. पण हात वर असताना माणूस जास्त बोलतो. म्हणालो, साहेब, मला काय करायचं ते करा, फक्त डब्याला हात लावू नका, आत लग्नाचं सोनं आहे.

प्रशीलने कपाळावर हात मारला. साहेब म्हणाले, असं? बिलं दाखवा. बिलं सासूबाईंकडे. मग उघडा. सुलक्षणाने दातांनी टाके तोडले. झाकण निघालं.

बिबड्या. ज्वारीच्या, वाळवलेल्या, पापडासारख्या. एकावर एक, व्यवस्थित रचलेल्या.

प्रशीलचं तोंड उघडं, माझं तोंड उघडं. सुलक्षणा म्हणाली, आई गं, सोनं बदललं कोणी! स्नेहलने घाईघाईने सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्या केव्हाच धुळ्याला पोचलेल्या. म्हणे, रडतीस काय, बठ्ठं सोनं मना जोडे शे, कांदास्नी थैलीमा. डबामा कवयच सोनं नही ऱ्हास. म्हणजे सगळं सोनं त्यांच्याजवळ, कांद्याच्या थैलीत.

स्नेहलने विचारलं, कधीच म्हणजे? सुलक्षणाच्या वेळी? स्वप्नीलच्या वेळी?

फोनमधून हसणं आलं. आवो, समाधानराव डबा आसा धरतस का बठ्ठी यष्टीले समजस, सोनं शे. बठ्ठास्नं ध्यान त्यास्नावर. म्हनीसन त त्यास्ले देस मी. मी मांगे बशीसन मजामा येस.

सगळ्या एसटीचं लक्ष माझ्यावर राहावं म्हणून डबा मला, हे पोलिसांनी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी रिमोट स्नेहलच्या हातात दिला. मला म्हणाले, काका, परत कमरेला काही आहे म्हणू नका, एखादा नवीन पोलीस असला तर जिवावर बेतेल. मग दोन बिबड्या घेऊन आम्हाला जाऊ दिलं.

माझं आधार कार्ड मात्र बघितलं. दोन्ही बाजूंनी.

प्रशीलने गाडी सुरू केली. मग म्हणाला, दादा, खरं सांगू? मी कालपासून झोपलो नव्हतो, सोन्याच्या धास्तीने. तुम्ही दोन दोन वेळा कसं नेलं?

मी म्हणालो, सवय लागते.

१८ मे, रविवार

मंगल परिणय पार पडला. मृणालीच्या अंगावर सगळं सोनं. कांद्याचा किंचित वास येत होता, पण तो मला एकट्याला. वंदनेला मी पहिल्या रांगेत बसलो. प्रशील नाचला. पिस्तूल सावद्याला ठेवून आलो असतो तर अजून नाचलो असतो म्हणे. त्याला मुलाकडच्या लोकांनी खांद्यावर घेतलं.

मला कोणी खांद्यावर घेतलं नाही. घामोळं आहे, बरंच झालं.

१९ मे, सोमवार. धुळे एसटी स्टँड

प्रशील म्हणाला, दादा, जळगावला सोडतो. नाही म्हणालो. स्नेहल चार दिवस माहेरी राहणार. रिमोट तिच्या पर्समध्ये.

निघताना सासूबाईंनी दोघा जावयांना एकेक डबा दिला. बिबड्या, घरी खायला. प्रशीलचा डबा मोठा. दीडपट तरी. मी बघितलं. पण त्याचा तसाच दिला, नुसतं झाकण लावून. माझ्या डब्यावर पांढरं कापड, दाभणाचे टाके. हातात देताना म्हणाल्या, समाधानराव, सांभाळून न्या.

नुसत्या बिबड्यांना कोण शिवतं?

नाही, तू काही बोलू नकोस. मला माहीत आहे तू काय बोलणार. समोरच्या बाकावरचा माणूस मघापासून डब्याकडे बघतोय, आणि माझी बस लागली. चाललो.