शाळेचं आवतण

सर,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्या खोलीत, तुमच्या जागेवर बसून लिहिते आहे. खुर्ची तुमची नाही. ती वाळवीनं खाल्ली. आता चाकांची आली आहे, जरा टेकायला जावं तर मागे पळते मेली. सोमवारी आपली शाळा सुरू झाली. आठवीला अकरा मुलं आहेत. तुमच्या वेळी एका बाकावर चौघं कोंबून बसवावी लागायची, आणि आता अकरा झाली म्हणून मी गावात पेढे वाटायचे बाकी ठेवलेत. पण शाळेचं रडगाणं गायला मी बसलेले नाही. मी तुमच्याशी एकदाच खोटं बोलले होते, सर. एकदा म्हणजे एकाच गोष्टीबद्दल, बोलले मात्र दोनदा. त्या खोट्याचं पुढे काय झालं ते मला या जूनमध्ये कळलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय आता चैन पडत नाही.

तुम्हाला आवतण आठवतं ना? आठवतं का काय विचारते, तुम्हीच तर ते सुरू केलंत. गावकीनं चंदा आणि श्रमदान करून तीन खोल्या उभ्या केल्या, पण सातवी झालेल्या मुली काही पुढे येईनात. विचारलं की आईबाप म्हणायचे, आम्हाला कोणी बोलावलंय? तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं, मग बोलावतो. लग्नाला जसं घरोघर जाऊन आवतण देतात तसं शाळेचं आवतण. शाळा उघडायच्या आधी आठ-दहा दिवस मास्तर लोक यादी घेऊन वाड्यावाड्यांतून फिरणार, ओटीवर बसणार, पाणी पिणार आणि मुलीच्या आईबापाला सांगणार, अमुक तारखेला शाळा आहे, तुमची लेक आम्हाला पाहिजे. दोन-चार वर्षांत गावाला त्याची इतकी सवय झाली, की आवतण आल्याशिवाय कोणी मुलीला पाठवायचंच नाही. न बोलावता लग्नाला कोण जातं? आवतण नाही आलं तर तो अपमान. मानाचं एवढं वेड फक्त आपल्याच गावात, असं तुम्ही हसून म्हणायचात, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात निघायचात.

मला नोकरी लागली त्या वर्षी पहिल्यांदा तुमच्याबरोबर आले होते. तुमचीच विद्यार्थिनी मी, त्यामुळे शाळेत चारचौघांत 'बाई' आणि वाटेनं जाताना 'अगं कार्टे'. पहिल्याच घरी मी रस्त्यावरून हाक मारली, 'शाळा पंधराला आहे, मुलीला पाठवा हो!' आणि पुढे चालू पडले. तुम्ही जागचे हलला नाहीत. 'विजेचं बिल टाकायला आलीस का?' म्हणालात. 'मागे फिर. ओटीवर चढ. बस. पाणी दिलं तर पी, नाही दिलं तर माग. मग बोल.' त्या घरातली बाई ऐकत होती, माझे कान लाल झाले होते. पण तुमच्या पाणी मागण्याचं कारण मला त्या दिवशी दुपारी कळलं, बौद्धवाडीत. खाडीकाठच्या खारीच्या बांधावरून अर्धा तास चालत गेलं की ती सात घरं. तिथे तुम्ही बसल्या बसल्या तांब्या मागितलात, तोंड लावून प्यायलात आणि रिकामा करून माझ्याकडे दिलात. आणि बघत राहिलात. मी पण तांब्या भरून घेतला आणि प्याले. माझ्या आजीनं ते ऐकून मला दोन दिवस चुलीपाशी येऊ दिलं नाही. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तुमचा गुडघा धरला आणि मला एकटीला जावं लागलं. तुम्ही यादी केलीत, पाच घरं. बौद्धवाडीतलं घर पहिलं लिहिलं होतं. दर वर्षी ती वाडीच पहिली असायची, कारण ती लांब आहे आणि सकाळी ऊन कमी असतं, असं तुम्ही म्हणायचात. मी ते शेवटी ठेवलं. आपल्या पाखाडीच्या आळीतली चार घरं अकराच्या आत उरकली आणि वाटेत मैत्रिणीकडे टेकले. तिच्याकडे नवा रंगीत टीव्ही आला होता. पंखा होता. तिच्या आईनं आंबे चिरून पुढे ठेवले, सिनेमा लागला, आणि बघता बघता पाच वाजले. एवढंच, सर. काही मोठं कारण असतं, पाय मुरगळला असता, भरतीचं पाणी बांधावर आलं असतं, तर मला किती बरं वाटलं असतं! टीव्ही आणि आंबे. आणि ते घर मी शेवटी का ठेवलं, पाचातलं दुसरं कुठलं का नाही, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. नंतर विचारलं, पण उत्तराच्या जवळ गेले की दुसऱ्या कामाला लागायचे.

संध्याकाळी तुमच्या बिऱ्हाडी आले तेव्हा तुम्ही गुडघ्याला शेकाचं फडकं बांधून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला होतात. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. तुम्ही विचारलंत, 'वाडीत काय झालं?' आणि माझ्या तोंडून आलं, 'कुलूप होतं सर.' किती सहज आलं! तुम्ही म्हणालात, 'असं कसं? मी परवा जाऊन येतो, काठी टेकत.' तेव्हा तरी गप्प बसायचं. पण नाही. 'दोनदा गेले सर मी, एकदा सकाळी आणि परत आता. मुंबईला गेलेत म्हणे सगळे.' तुमचा चेहरा पडला. मग वहिनींना म्हणालात, 'अगो, तिला आधी वाढ. दोन खेपा मारल्यान् पोरीनं बांधावरून.' आणि वहिनींनी तुमच्यासाठी ठेवलेली सुकटीची चटणी सगळी माझ्या ताटात घातली. मी ती खाल्ली. गरम भाकरीबरोबर चाटून पुसून खाल्ली, आणि वहिनी म्हणाल्या, भूक लागली होती हो बिचारीला.

वाडीतल्या त्या घरची मुलगी शाळेत आली नाही. दिवाळीच्या सुमाराला तुम्ही बाजारातून आलात आणि पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीत बसलात. 'वाडीतल्या त्या मुलीचा बाप भेटला,' म्हणालात. 'मी हाक मारली तर तोंड फिरवून गेला. दर वर्षी त्याच्या घरी पाणी पितो मी. माझं काय चुकलं असेल?' मी पेपर तपासत होते. मान वर केली नाही. तुम्ही दोन-तीनदा तेच म्हणालात, माझं काय चुकलं असेल, आणि तास झाला म्हणून उठलात. सर, तेव्हा मला सगळं समजलं नव्हतं, पण थोडं समजलं होतं. थोडं समजणं पुरेसं असतं. नंतर तुम्ही त्या वाडीत कमी जायला लागलात, मग तुमची बदली नाही पण निवृत्ती आली, मग आजारपण. अलिबागच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आले होते तेव्हा दोनदा शब्द ओठांवर आला. तुम्ही मला विचारलंत, यंदा आवतणाला कोण कोण गेलं? मी नावं सांगितली आणि मोसंबी सोलत बसले.

आवतण नंतर बंदच पडलं. आता मोबाइलवर निरोप जातो, शाळेचा गट आहे, त्यात अंगठे उमटतात. सकाळी पिवळ्या बसगाड्या येतात आणि इंग्रजी शाळांची मुलं घेऊन जातात. कोणाचे वडील उरणला कंटेनरच्या यार्डात, कोणाच्या जमिनीवर मुंबईवाल्यांचा बंगला. यंदा मे संपताना आठवीला सात नावं होती. सातावर वर्ग टिकला नसता. मग मी वही घेतली आणि म्हटलं, निघू या बाई, सरांसारखं. आणि पहिलं घर बौद्धवाडीतलं धरलं, कारण तिथे एक मुलगी सातवी पास झाली होती. बांधावरून जाताना मला दम लागला, दोनदा बसले. आता बांधावर रिक्षा जाते, पण मी चालत गेले. का, ते तुम्हाला कळेल.

ओटीवर जी बाई आली तिला मी ओळखलं नाही. शेहेचाळीस-सत्तेचाळीसची, ठसठशीत, हातात अजून पीठ. नागावला एका राहण्या-जेवणाच्या जागी स्वयंपाकाचं सगळं तीच बघते, चार बाया हाताखाली आहेत. मी बसले. पाणी मागितलं. प्याले. तुमची लेक आम्हाला पाहिजे, असं म्हणाले. ती एकदम हसली. 'बाई, आज आलाव व्हय आवतण घेऊन?' म्हणाली. 'लय उशीर केलाव. माझ्या वक्ताला कोनी आलं न्हाय.'

मी तांब्या खाली ठेवला. मग तिनंच सगळं सांगितलं, भाकरी करता करता सांगावं तसं. सातवीला ती केंद्रात पहिली आली होती. सर येतील म्हणून बाबा तीन दिवस गवंड्याच्या कामावर गेला नाही. ओटी सारवली, शेजारून चटई आणली. आईनं नवा कप आणला, सरांसाठी. ती स्वतः शाळेचा फ्रॉक घालून तीन दिवस दारात बसली, मळेल म्हणून जेवतानाही मांडीवर फडकं घ्यायची. 'तिसऱ्या दिवशी कळलं, पाखाडीतल्या सगळ्या घरांना आवतण गेलं. आमचंच घर तेवढं सोडलं. बाबा म्हनला, बघ, एवढी वर्सं पानी पिऊन पन शेवटाला त्यांनी दाखवलंच. आपल्याला न्हाय बोलावलं, आपन जायाचं न्हाय. मंग मी गेली भाताच्या लावनीला.' मी विचारलं, अहो पण तसंच यायचं होतं ना शाळेत? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली. 'बाई, तुमच्या घरचं लगीन असंल आनि सगळ्या गावाला आवतण, आमाला न्हाय, तर आमी जेवाया येऊ?'

सर, त्या घरात इतकी वर्षं तुम्ही गुन्हेगार आहात. तिचा बाप तसंच मनात धरून गेला. तिची लेक लहानपणापासून ऐकते आहे की हायस्कूलचे ते सर वरून गोड होते आणि आतून इतरांसारखेच. तुम्ही! आणि मी तिथे बसले होते, तिचं पाणी पिऊन, आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ते सर नव्हते गं, ती मी. तेवढ्यात ती म्हणाली, 'लेकीला भावाकडं उरनला धाडनार व्हती. पन तुमी चालत आलाव, बसलाव. सोडते तिला तुमच्याकडं.' आणि मी गप्प बसले. घरी येईपर्यंत मनाला समजावत होते, खरं सांगितलं असतं तर मुलगी गेली असती, वर्ग गेला असता, मुलीसाठीच गप्प बसले. शाळेसाठी. सर, ते खरं नाही. मला तिच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटली. वर्ग, मुलगी वगैरे मी बांधावरून परत येताना जुळवलं.

सोमवारी ती लेकीला घेऊन आली. नवा गणवेश, दोन वेण्या, मुलगी इतकी हुशार दिसते की बघत राहावं. पहिल्या दिवशी आठवीतल्या मुलांना गुलाब देतात आणि मुलं ऑफिसात तुमच्या फोटोला नमस्कार करून वर्गात जातात. हे मीच सुरू केलं, तुम्ही गेल्यावर. एकेक मूल वाकत होतं. हिची पाळी आली, ती वाकायला लागली, आणि आईनं पुढे होऊन तिचा दंड धरला. 'हेच ना ते?' मला विचारलं. मी म्हटलं, हो. ती लेकीला म्हणाली, 'चल. यांच्या पाया नको.' मोठ्यानं नाही, भांडून नाही. शिपाई, दोन शिक्षक, सगळे माझ्याकडे बघत होते. बोलायला तेवढी जागा होती, सर. पुष्कळ होती. मी हातातल्या यादीत बघितलं आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

हे पत्र खरं तर तिला जायला हवं. घर मला ठाऊक आहे, वाट पायाखालची आहे, आणि तिला वाचता येतं, केंद्रात पहिली आली होती ती. तरी दोन दिवस मी तुम्हालाच लिहीत बसले आहे, कारण तुम्ही हे वाचणार नाही.