लुसिआनेच्या हाताला परवानगी

सिडनी

तीर्थस्वरूप वन्सं यांना नमस्कार.

देवाच्या दयेने तुमचे भाऊ दोन घास जेवतात, सकाळच्या प्रार्थनेलाही बसतात. तुमचे गुडघे कसे आहेत? यंदा रताळी लावलीत का?

डॉक्टरांनी डोक्यातली गाठ काढली, पण तिचे धागे चांगल्या मेंदूत शिरलेत, ते कापता येत नाहीत. त्यावर नवा उपाय निघालाय. भादरलेल्या डोक्याला पट्ट्या चिकटवायच्या. त्यांतून हलकी वीज जाते आणि गाठीची वाढ मंदावते. पट्ट्या घरीच सारख्या बदलाव्या लागतात. माझा हात थरथरतो, पट्टी वाकडी बसते, मग वीज नीट जात नाही. लुसिआनेचा हात स्थिर आहे. पण आपल्या रीतीत बापाचं डोकं लेकीला वर्ज्य, मग तिने हात कसा लावायचा?

"त्यापेक्षा गाठ परवडली," हे म्हणतात.

"हॉस्पिटलातली नर्स माझ्याच वयाची आहे, बाबा. तिचा हात बरा चालतो!"

"ती माझी लेक नाही."

फोन करावा तर हे शेजारीच असतात, म्हणून लिहिते. थोरल्या बहिणीचा शब्द ते मोडणार नाहीत. तुम्ही एकदा सांगा त्यांना. पोर हात धुऊन दारात उभी राहते आणि मी वाकडी पट्टी लावते, हे आता बघवत नाही.

रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेणारी,
तुमची भावजय फिफिता